नाही म्हणणारा होडीवाला

बँकेत माझ्या खिडकीशी येणारा माणूस 'नाही' ऐकायची तयारी करूनच येतो. सही जुळत नाही, केवायसी झालेलं नाही, पासबुक छापायचं यंत्र चालू नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत मी इतक्या वेळा 'नाही' म्हटलंय की, आमच्या हिच्या मते अंतरपाट दूर झाला तेव्हाही मी सवयीनं मान आडवीच हलवली होती. तेव्हा आज मी 'नाही' या शब्दाची वकिली करणार आहे, त्यात माझा थोडा स्वार्थ आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

विषय मात्र बँकेचा नाही, समुद्राचा आहे. पूर्वी मालवणला गेलेला मध्यमवर्गीय माणूस सिंधुदुर्ग किल्ला बघायचा, सोलकढी प्यायचा, कोकमाच्या बाटल्या गुंडाळून एस.टी.त बसायचा. आता त्याला पाण्याच्या आत काय आहे तेही बघायचं असतं. डोळ्यांवर काच, तोंडात नळी, अंगात लाइफ जॅकेट अशा अवतारात पालथं तरंगायचं आणि खालचं प्रवाळ न्याहाळायचं, याला स्नॉर्कलिंग म्हणतात. माझा त्याला विरोध नाही. माझा विरोध आहे तो आपण ज्या पद्धतीनं होडी निवडतो तिला.

आपण किनाऱ्यावर काय विचारतो? फोटो फुकट का? व्हिडिओ किती मिनिटांचा? डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत का? लहान मुलाचं अर्धं तिकीट ना? आणि सगळ्यात शेवटी, "शेजारचा शंभर रुपये कमी सांगतोय!" या सगळ्याला जो 'हो, हो' म्हणतो त्याच्या होडीत आपण बायकामुलांना बसवतो. ज्या माणसाच्या हो म्हणण्यावर आपण दहा हजारांचं कर्ज देणार नाही, त्याच्या हाती अख्खं कुटुंब देतो. तेही जामीन न घेता!

तीन वर्षांपूर्वी मी हेच केलं. आमच्या मेहुण्यांना घासाघीस करण्याची दैवी देणगी आहे. त्यांनी पाच होडीवाले नाकारून सहावा निवडला, कारण तो कशालाच नाही म्हणाला नाही. नऊजणांच्या जागेत आम्ही बाराजण बसलो. लाइफ जॅकेटं होती, पण फळीखाली. त्यांचा उपयोग एक काका उशीसारखा करीत होते. अमावास्या होती. कोकणातल्या पोरालाही ठाऊक असतं की, अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते, पाणी जोरात हलतं आणि गढूळ होतं. आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं तो बोलला नाही. पाण्याचा रंग आमच्या बँकेतल्या चहासारखा होता.

माझ्या काचेत पाणी शिरू लागलं. कारण माझी मिशी! मिशीच्या केसांतून फट राहते आणि काच गळते, हे मला खारं पाणी नाकात गेल्यावर कळलं. पण माझं सोडा. आमच्या चिमीला, वय वर्षे नऊ, मोठ्या माणसाची काच दिली होती. खरं तर परीक्षा किती सोपी! पट्टा न लावता काच नुसती चेहऱ्याला टेकवायची आणि नाकानं श्वास आत ओढायचा. चिकटून राहिली तर आपली, पडली तर दुसरी मागायची. कोणी केली नाही. चिमीच्या डोळ्यांत पाणी गेलं, ती होडीच्या कडेला घट्ट धरून रडायला लागली. आणि मी, तिचा जन्मदाता बाप, काय म्हणालो? "पैसे भरलेत, उतर!"

हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आज छापायला देतोय.

पुढचा कार्यक्रम यथासांग पार पडला. होडीवाल्यानं पाण्यात पावाचे तुकडे टाकले, मासे धावून आले, त्यांच्यासह आमचे फोटो निघाले. माशांचं काम शेवाळ खाऊन प्रवाळ मोकळं ठेवण्याचं. आपण त्यांना बेकरीची चटक लावतो. मी दमून एका दगडावर उभा राहिलो. फोटोत माझा चेहरा किल्ला सर केल्यासारखा आहे. तो दगड नव्हता, प्रवाळ होतं. प्रवाळ म्हणजे हजारो बारक्या जिवांची वसाहत, आमच्या चाळीसारखी, एकाला एक चिकटून. असं गोलसर, दगडासारखं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं. माझ्या पायाखालचं ढेकूळ वीतभर उंच होतं. म्हणजे मी बँकेत चिकटलो तेव्हा तेही तिथं चिकटलं असणार. बावीस वर्षांची ठेव मी एका फोटोसाठी मोडली.

कायदे नाहीत असं नाही. मालवणचा समुद्र १९८७ सालापासून अभयारण्य आहे. २००१ साली दगडी प्रवाळाचा समावेश वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला, म्हणजे कागदावर त्याचा दर्जा वाघाचा. वाघाच्या पाठीवर उभं राहून फोटो काढायला आपण गेलो नसतो, एवढंच.

यावर मेहुणे म्हणतात, "अहो, पोट आहे बिचाऱ्यांना! नाही म्हणाला तर गिऱ्हाईक शेजारी जाणार." अगदी खरं. पण मग शेजारी जाणारं ते गिऱ्हाईक कोण? आपणच! हंगाम जेमतेम सात-आठ महिन्यांचा. पावसाळ्यात समुद्र बंद. तेवढ्यात वर्षाची भाकरी मिळवायची असते. शंभर रुपये आपण घासून कमी करतो, ते तो कुठून भरून काढणार? जास्तीची तीन माणसं बसवून, लहान मुलांच्या वेगळ्या काचा न घेऊन. २०२२ सालच्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला. त्यानंतर काही दिवस सगळे सुरक्षिततेवर बोलत होते. पुढच्या हंगामात पुन्हा प्रश्न तोच, "फोटो फुकट का?"

म्हणून माझं म्हणणं असं की, होडी निवडताना होडीवाला कशाकशाला हो म्हणतो ते मोजू नये. कशाकशाला नाही म्हणतो ते मोजावं. मुद्दाम विचारावं, "दोन माणसं जास्त बसवाल का? जॅकेट नाही घातलं तर चालेल का? एखादा प्रवाळाचा तुकडा घरी न्यायला मिळेल का?" जो तिन्हींना नाही म्हणेल, त्याला न घासता पैसे द्यावेत. नांगर प्रवाळावर टाकतो की वाळूत, हेही विचारावं. आणि निघण्याआधी पंचांग बघावं. मुहूर्तासाठी नव्हे, भरतीसाठी. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाण्याला ओढ कमी. सकाळ गाठावी, दुपारी वारा सुटतो.

गेल्या डिसेंबरात आम्ही पुन्हा गेलो. चिमी बारा वर्षांची झाली होती आणि येते म्हणाली, हेच माझ्यावर उपकार. या खेपेला होडी मी निवडली. म्हातारा तांडेल, बोलायला तुसडा. मी त्याला माझे तीन प्रश्न विचारले. तिन्हींना नाही. मी खूश! मग तो समुद्राकडे बघून म्हणाला, "आज जावचा नाय. पाणी गढूळ आसा. पैसे घेवन काय दाखवू तुमका, चिखल?"

आता या 'नाही'ची मी अपेक्षा केली नव्हती. रजेचे दोनच दिवस शिल्लक होते. मेहुणे शेजारच्या होडीकडे बघू लागले. माझ्या खिडकीपलीकडे उभ्या राहणाऱ्यांच्या पोटात काय होत असेल ते मला बावीस वर्षांत प्रथमच समजलं. पण आम्ही थांबलो.

दुसऱ्या दिवशी पाणी निवळलं होतं. त्यानं चिमीला तीन काचा लावून बघितल्या, चौथी दिली. माझ्या मिशीकडे पाहून नुसतं हसला. होडी थांबली तरी चिमी दहा मिनिटं कडेला बसून राहिली. मी तोंड उघडणार इतक्यात म्हातारा म्हणाला, "तिका ढकलू नकात. पोरगी उतरतली तेव्हा उतरतली."

ती उतरली. पालथी तरंगली, नळीतून तिचा श्वास फूं-फूं ऐकू येत होता. वर आल्यावर नळी काढून म्हणाली, "बाबा, पाय वर घ्या हं! खाली घरं आहेत."

मी पाय वर घेतले. माझ्या काचेत पाणी शिरलं होतं. मिशीमुळे. निदान सगळ्यांना मी तसंच सांगितलं.