‘काही झालेले नाही’ हे औषध नव्हे

“डॉक्टर, ईसीजी चांगला, इको चांगला, पट्ट्यावर चालवलं तेही चांगलं. सगळे म्हणतात, काही झालेलं नाही. मग मला होतं ते काय होतं?”

वरोरचा एक डायमेकर माझ्यासमोर बसून हे विचारत होता. वय ३६. दागिन्यांचे साचे कोरण्यात हात बसलेला. आपल्या चिंचणी-वरोर-वाढवण पट्ट्यात हा धंदा घरोघर चालतो, हे वाचकांना सांगायला नको. त्याच्या परवानगीने ही हकिकत लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तयार डाय घेऊन तो आठवड्यातून एकदा वाणगावहून गाडी पकडून झवेरी बाजारात जात असे. एके सकाळी सफाळ्याच्या पुढे, वैतरणेच्या खाडीच्या पुलाजवळ गाडी थांबली. डब्यात गर्दी. अचानक छातीत धडधड सुरू झाली, दरदरून घाम फुटला, हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. ‘संपलं आता’ असे वाटले. त्याचे वडील हृदयविकाराने गेले होते, ते डोळ्यांसमोर आले. विरारला उतरून तो रिक्षाने थेट दवाखान्यात गेला. तिथे पोहोचेपर्यंत निम्मे बरे वाटू लागले होते. ईसीजी निघाला, तो साफ होता.

आठ दिवसांनी पुन्हा तेच झाले. मग एकदा रात्री, घरात झोपेतून उठून. सहा महिन्यांत गाडीने जाणे बंद झाले. नंतर मोटारसायकलवरून चिंचणीच्या पुढे जाणे बंद. डायची पेटी घेऊन बायको मुंबईला जाऊ लागली. दोन जुनी गिऱ्हाईके तुटली. तपासण्यांवर पैसे गेले, मग शेवटी भगताकडे कोंबडे आणि नारळही गेले.

मी भगताला हसत नाही. ‘ह्याला काहीतरी होते आहे’ एवढे तरी त्याने मान्य केले. आम्ही डॉक्टरांनी तेही केले नव्हते.

हे आम्ही म्हणतो आहे, कारण त्यात मीही आलो. सत्तावीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये असे किती रुग्ण मी पाठीवर थाप मारून परत पाठवले, याची मोजदाद नाही. “काही नाही झालेलं, टेन्शन घेऊ नकोस,” असे सांगायचे आणि अल्प्राझोलामची अर्धी गोळी लिहून द्यायची. गोळीने त्या रात्री झोप लागते. पण ती गोळी महिनोन् महिने चालली की शरीराला तिची सवय लागते आणि रोग तिथेच राहतो. रुग्ण खिशात गोळी ठेवूनच घराबाहेर पडतो. ही चूक माझी होती आणि ती कबूल करूनच पुढचे लिहिणे बरे.

झटका म्हणजे काय?

या आजाराला इंग्रजी नाव पॅनिक अटॅक. मराठीत भीतीचा झटका म्हणू. संकट समोर आले की आपले शरीर अॅड्रिनलिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते. हृदय जोराने पळते, श्वास वाढतो, घाम सुटतो. साप दिसला तर हीच व्यवस्था आपल्याला वाचवते. भीतीच्या झटक्यात साप नसतोच, पण व्यवस्था मात्र पूर्ण ताकदीने चालू होते.

श्वास भराभर घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, डोके हलके होते. रुग्णाला वाटते लकवा मारणार, चक्कर येऊन पडणार. प्रत्यक्षात झटक्यात रक्तदाब बहुधा वाढलेला असतो, म्हणून शुद्ध हरपणे फार विरळ. झटका साधारण १० मिनिटांत शिखर गाठतो आणि मग उतरू लागतो. भरती कितीही मोठी असली तरी ओहोटी लागतेच, हे समुद्रकाठच्या माणसाला शिकवावे लागत नाही.

हा आजकालच्या धावपळीचा नवा रोग आहे असेही नाही. अमेरिकेतील यादवी युद्धातल्या सैनिकांची अशीच धडधड पाहून डॉ. जेकब डा कोस्टा यांनी १८७१ साली ‘चिडखोर हृदय’ असे तिचे वर्णन केले होते. १९८० साली मनोविकारांच्या अमेरिकन यादीत या आजाराला स्वतंत्र नाव मिळाले. अनेक देशांतील पाहण्यांत असे आढळले आहे की १०० पैकी सुमारे १३ माणसांना आयुष्यात एकदा तरी असा झटका येतो. त्यातल्या थोड्यांनाच तो पुन्हा पुन्हा येऊन आजार बनतो. म्हणजे झटका येणे हा वेडेपणा नाही आणि दुबळेपणाही नाही.

चुकून वाजणारी घंटा

मग एकाला झटका येऊन जातो आणि दुसऱ्याचे आयुष्य तो अडवून धरतो, असे का? याचे उदाहरण आपल्याच तालुक्यांत आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडी परिसरातली माणसे थंडीत घराबाहेर, तंबूत झोपली. त्या भागातले रुग्ण मला सांगत, “डॉक्टर, रस्त्याने ट्रक गेला तरी उठून पळतो.” धक्के खरे होते, भीतीही खरी होती. पण ट्रकची थरथर म्हणजे भूकंप नव्हे. कान इतके टवकारलेले की प्रत्येक थरथर धक्का वाटू लागली.

आमच्या डायमेकरचे कान असेच स्वतःच्या छातीला लागले होते. जिना चढल्यावर धडधड झाली की ‘हा अटॅक’. चहा जास्त झाला, धडधड वाढली की ‘हा अटॅक’. त्या विचाराने आणखी भीती, भीतीने आणखी धडधड, धडधडीने विचाराची खात्री. ऑक्सफर्डचे डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली हेच चक्र मांडले. शरीरातल्या साध्या संवेदनेचा माणूस भयंकर अर्थ लावतो आणि तो अर्थच झटका वाढवतो. रोगाचे मूळ हृदयात नाही, अर्थ लावण्यात आहे. म्हणूनच दहा ईसीजी काढूनही तो जात नाही.

विचार आणि वर्तन यांचा उपचार

चुकीचा अर्थ दुरुस्त करायचा आणि टाळाटाळीची सवय मोडायची, या पद्धतीला कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी म्हणतात. साध्या मराठीत विचार-वर्तन उपचार. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि अॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात या विचाराचा पाया घातला. एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात रुजवण्याचे मोठे काम डॉ. कि. मो. फडके यांनी केले.

आमच्या पिढीत ‘ह्याला ठाण्याला पाठवायला हवं’ या वाक्याचा एकच अर्थ होता. तिथले मनोरुग्णालय १९०१ सालचे आणि २०१४ पर्यंत आपला जिल्हाही ठाणेच. त्या नावाची धास्ती घेऊन कितीतरी माणसे घरातच कुढत राहिली. पण त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली. नोकरी-धंदा करणारी, चारचौघांसारखी माणसे तिथे मनाच्या तक्रारी घेऊन जातात. ‘ठाण्याला जाणे’ याचा अर्थ आता बदलायला हवा.

आमच्या रुग्णाची अडचण वेगळीच होती. समुपदेशक गाडीच्या वाटेवर आणि हा गाडीत बसायला तयार नाही! म्हणून पहिल्या चार भेटी मोबाइलवर, चेहरा समोर ठेवून झाल्या.

प्रथम वही. झटका आला की तीन गोष्टी लिहायच्या: शरीरात काय झाले, मनात काय आले, प्रत्यक्षात काय घडले. तिसऱ्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच उत्तर येई, ‘काही मिनिटांनी उतरले’. अशा १७ नोंदी झाल्यावर तो स्वतःच म्हणाला, “सतरा वेळा मेलो आणि सतरा वेळा जेवायला बसलो.”

मग प्रयोग. खुर्चीत बसून मिनिटभर मुद्दाम भराभर श्वास घ्यायचा. त्याच मुंग्या आल्या, तेच डोके हलके झाले. म्हणजे ज्याला तो मरणाची खूण समजत होता, ती स्वतःच्या श्वासाने तयार करता येते आणि थांबल्यावर जाते. हा प्रयोग वाचकांनी आपल्या मनाने करू नये. दमा, हृदयविकार, फिट्स असणाऱ्यांनी व गरोदर स्त्रियांनी तर नाहीच. तो तपासणीनंतर, जाणकाराच्या देखरेखीखालीच करायचा असतो.

शेवटी पायऱ्या. पहिल्या आठवड्यात वाणगाव स्टेशनवर नुसते अर्धा तास बसायचे. मग बोईसरपर्यंत जाऊन परत. मग पालघर. मग बायको शेजारच्या डब्यात आणि हा पूल ओलांडून विरारला. नियम एकच: भीती वाटली म्हणून अधल्या स्टेशनवर उतरायचे नाही, ती आपणहून उतरेपर्यंत बसून राहायचे. पळून गेलो तर मन म्हणते, ‘पळालो म्हणून वाचलो’. बसून राहिलो तरच कळते की वाचण्यासाठी पळण्याची गरज नव्हती. खिशातली गोळी, हातातली पाण्याची बाटली, सोबतीला माणूस हे आधारही एकेक करून सोडायचे असतात, कारण तेच भीतीला खतपाणी घालतात.

चार महिने लागले. गणपतीच्या गर्दीत एक झटका पुन्हा आला आणि दोन आठवडे गेले. पण त्याने पायऱ्या पुन्हा मोजल्या. आज तो एकटा झवेरी बाजारात जातो. छातीत धडधड अजून कधी कधी होते. तो म्हणतो, “होऊ दे, गाडी थोडीच थांबते तिच्यासाठी.”

वाचकांनी हे लक्षात ठेवावे

हा लेख वाचून कोणीही छातीतले दुखणे घरी बसून ‘भीतीचा झटका’ ठरवू नये. पहिल्यांदा असे झाले तर डॉक्टर गाठून ईसीजी काढलाच पाहिजे. वय ४० च्या पुढे असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखू असेल, चालताना दुखत असेल, कळ डाव्या हाताकडे वा जबड्याकडे जात असेल, तर क्षणाचाही उशीर नको. थायरॉइड आणि रक्त कमी असणे हेही तपासून घ्यावे. प्लॅस्टिकच्या किंवा कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नये. तो धोक्याचा ठरू शकतो.

अल्प्राझोलामसारखी गोळी रोज चालू असेल तर ती एकदम बंद करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी. काही रुग्णांना मानसोपचारतज्ज्ञाकडून दुसरी, सवय न लागणारी औषधे घ्यावी लागतात. त्यात कमीपणा नाही. औषध आणि हा उपचार दोन्ही बरोबर चालू शकतात. जवळ कोणी नसेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावावा. २०२२ साली सुरू झालेली ही सेवा विनामूल्य असून दिवसरात्र चालते. मराठीतही बोलता येते.

आणि आता माझ्या व्यवसायबंधूंना विनंती. आपल्याकडे रक्तदाबाची, मधुमेहाची, डोळ्यांची शिबिरे भरतात. समुपदेशक मात्र गावाकडे क्वचितच फिरकतो. महिन्यातून एक दिवस प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात प्रशिक्षित समुपदेशक बसावा, ही मागणी आपण सर्वांनी मिळून लावून धरू. तोपर्यंत एक काम आपल्या हातात आहे. ईसीजी चांगला आला म्हणून रुग्णाला दाराकडे वळवण्याऐवजी पंधरा मिनिटे बसवून घ्यावे. “तुझं हृदय ठीक आहे. तुला होतंय ते खरं आहे. त्याला नाव आहे आणि त्याला उपचार आहे.” एवढी वाक्ये बोलायला यंत्र लागत नाही.

त्या दिवशी त्या डायमेकरला मी हेच सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “डॉक्टर, हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर?”

त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या रुग्णाला तो प्रश्न विचारावा लागू नये, एवढीच इच्छा आहे.