रविवार, पौर्णिमा आणि रिकामं जाळं

परवा ऑफिसात एकानं विचारलं, "तुमचा ईस्टर दरवर्षी हलतो कसा रे? सुट्टीचं प्लॅनिंगच होत नाही!" म्हटलं, सोपं आहे. २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. (पौर्णिमा चर्चच्या गणिताची, आकाशातली एखादा दिवस इकडेतिकडे.) दहा-बारा ओळींचं फंक्शन. २२ मार्च ते २५ एप्रिल, यांच्या बाहेर तारीख जातच नाही.

सांगून मोकळा झालो, पण मनात आलं, आपल्याकडे हे आता फंक्शनपुरतंच उरलंय की काय?

मी चौकचा. भाईंदरहून उत्तनमार्गे शेवटपर्यंत या, खाडीपलीकडे वसईचा किल्ला दिसतो, ते चौक. इथे पौर्णिमा म्हणजे उधाण, हे शाळेत जायच्या आधीच कळतं. पण नोकरी लागल्यापासून मी मिरा रोडला राहतो आणि मिस्साही इंग्रजीच गाठतो. वेळ सोयीची, फादर आटोपशीर बोलतात. गेल्या वर्षी तर राखेचा बुधवार रिलीजच्या गडबडीत निघून गेला आणि मला शुक्रवारी आठवलं!

असो. ४ मे २०२५ ला घरी होतो, आईबरोबर मराठी मिस्साला गेलो. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्या दिवशी योहानचा २१ वा अध्याय होता. पेत्र आणि मंडळी रात्रभर समुद्रात, हाती काही नाही. पहाटे किनाऱ्यावर येशू निखाऱ्यांवर मासळी भाजत बसलेला. हा उतारा मी इंग्रजीत कितीदा ऐकला असेन, डोक्यावरून गेला. त्या दिवशी फादर एवढंच म्हणाले, की रिकामं जाळं घेऊन परतणाऱ्याला देव आधी उपदेश करत नाही, जेवायला बोलावतो. शेजारी आईचे डोळे भरलेले. बाबांच्या अशा कितीतरी पहाटा तिनं काढल्यात.

माझं म्हणणं साधं आहे. प्रवचन कळणं वेगळं आणि लागणं वेगळं. लागायला आपली भाषा लागते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज माणूस, त्यानं १६१६ साली गोव्यात सुमारे ११ हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं. कॅथलिक चर्चनं लॅटिनबरोबर लोकभाषेला वाट दिली ती १९६३ मध्ये. आपल्या वसईच्या फादर दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' दिलं, त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० ला ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैत ते गेले. एवढी माणसं खपली, आणि आपण 'टायमिंग जमत नाही' म्हणतो.

इंग्रजी मिस्सा वाईट, असं अजिबात नाही. पण मराठी मिस्साच्या बाकांवर फक्त आईच्या वयाची माणसं दिसू लागली, तर दोष फादरांचा नाही, आमचा आहे.

आता महिन्यातून एक रविवार चौकला, हे ठरवून टाकलंय. कॅलेंडरमध्ये रिकरिंग टाकलंय बरं का :) आईला सांगितलं तर म्हणाली, "ये. पण आदल्या रात्री ये, मासळी सकाळी आणायची असते."