आघाड्याचा पाला आणि लाल विंचू

संपादक महाशय,


गतांकातील पत्रलेखकांनी दंशावरील झाडपाल्याची सरसकट अंधश्रद्धेच्या सदरी नोंद केली, ती मला मंजूर नाही. वसईच्या आमच्या वाडीत केळीचा लोंगर उतरवताना गांधीलमाशी डसली, की आजी आघाड्याचा पाला तळहातावर चुरडून त्याचा हिरवा रस सुजेवर पिळी, आणि त्या गारव्याने (कदाचित तिच्या हातानेही!) ठणका सोसवत असे. परंतु लाल विंचवाचे विष हृदयावरच आघात करीत असल्याने, दरदरून घाम सुटून हातपाय गार पडलेल्या मुलास तोच पाला बांधून निजवणे हा शुद्ध अविचार होय; महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलेली प्राझोसिन या औषधाची उपाययोजना अशाच रुग्णांसाठी आहे.

आपला,
एक वाडीवाला, वसई