कंबरदुखी आणि खुरप्याचा दांडा

बैलाचा खांदा सुजला म्हणजे शेतकरी प्रथम जू पाहतो. जुवाचा खडबडीत भाग तासतो, शिवळा नीट बसल्या आहेत की नाहीत हे तपासतो आणि मग खांद्यास हळद-तेल लावितो. जू तसेच ठेवून नुसते औषध लावीत बसणारा शेतकरी आमच्या पाहण्यात नाही. परंतु त्याच शेतकऱ्याची स्वतःची कंबर धरली म्हणजे तो काय करितो? बिब्बा घालतो, रुईच्या पानांनी शेकतो, पायाळू माणसाचा पाय लावून घेतो, दुकानातून गोळ्या आणितो. आणि दुसरे दिवशी तेच ओझे त्याच रीतीने उचलतो. माणसाच्या कंबरदुखीचे जू कोणी तपासीत नाही, ही आमची तक्रार आहे.

या बाबतीत आम्ही स्वतः शहाणे होतो असे नाही. तालुक्याच्या कचेरीत खातेउताऱ्यांच्या दप्तरावर वाकून आमची उमर गेली. नोकरीच्या शेवटच्या चार वर्षांत कंबरेने जे धरले ते सोडीना. रजा काढून तीन आठवडे फळीवर उताणे पडलो. कंबरपट्टा बांधला. एका ठिकाणी मोठा फोटो काढविला, तेव्हा 'मणक्यांत गॅप आहे' असे सांगण्यात आले. हे वाक्य ऐकल्यापासून आम्ही खाली पडलेला रुमाल उचलण्यासही भिऊ लागलो. दुखण्यापेक्षा या भीतीनेच आम्हांस अधिक पंगू केले, असे आता वाटते. ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही अशा ९८ माणसांचे असेच फोटो अमेरिकेत काढले होते. त्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या मणक्यांमधील गादी कोठे ना कोठे फुगलेली दिसली. ही गोष्ट १९९४ साली प्रसिद्ध झालेली आहे. आम्हांस मात्र ती फार उशिरा कळली.

अखेर एका सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांनी पाय उचलून पाहिले, गुडघ्यावर ठोकून पाहिले आणि 'धोक्याचे काही नाही, रोज चालत जा' एवढेच सांगितले. आम्हांस राग आला. एवढ्या लांबून यावे आणि औषधाची चिठ्ठीही मिळू नये! पण दुसरा उपाय उरला नव्हता, म्हणून विहिरीपर्यंत जाऊन परत येऊ लागलो. पहिले आठ दिवस दुखणे वाढले. दुखले म्हणजे आत काही मोडले असा त्याचा अर्थ नव्हे, हे डॉक्टरांनी आधीच बजावले नसते तर आम्ही पुन्हा फळी गाठली असती. चौथ्या महिन्यात मळ्यापर्यंत जाऊ लागलो. आज कंबर अगदी गेली असे नाही. दोन तास एके ठिकाणी बसलो तर ती आठवण देतेच. परंतु पट्टा खुंटीला टांगलेला आहे.

यात आमचे काही विशेष नाही. फिनलंडात हेलसिंकी नगराच्या नोकरांपैकी ज्यांना नुकतीच पाठदुखी झाली होती अशांवर प्रयोग झाला होता. ज्यांना बिछान्यावर पडून राहण्यास सांगितले त्यांच्यापेक्षा जे सोसेल तेवढे नेहमीचे काम करीत राहिले ते लवकर सुधारले, असे १९९५ साली प्रसिद्ध झाले. ऑस्ट्रेलियात नुकतीच पाठदुखीतून उठलेल्या ७०१ माणसांपैकी काहींना हळूहळू चालणे वाढविण्यास शिकविले. दुखणे उलटण्यास न चालणाऱ्यांत सरासरीने ११२ दिवस लागले, तर चालणाऱ्यांत २०८. हे २०२४ मधील आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम व रोग्यास समज देणे यांस पसंती दिली असून पट्टे व ताण लावणे यांस नापसंती दर्शविली आहे. गोळ्या थोडे दिवस डॉक्टरांच्या सांगण्याने घ्याव्यात. महिनेन् महिने आपल्या मनाने घेतल्यास जठर व मूत्रपिंडे यांस अपाय होतो.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. पायातील शक्ती जाऊ लागली, जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा ताबा सुटला, तर चालणे-बिलणे सोडून त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा. ताप व वजन घटणे यांसह पाठ दुखत असेल तर मणक्याचा क्षय असू शकतो, आणि त्यावर खात्रीचे औषध आहे. पडझडीनंतरचे दुखणेही अंगावर काढू नये.

कोणी म्हणेल, शेतकरी दिवसभर चालतोच, त्यास चालण्याचे काय सांगता? हाच खरा मुद्दा आहे. तास न् तास ओणवे राहणे हे चालणे नव्हे. आमच्या सोयाबीनमध्ये भांगलण चालू असता आम्ही बांधावरून आमचा नेहमीचा फेरा घालीत होतो. बायांपैकी वयाने वडील असलेली एक म्हणाली, "भाऊसाहेब, तुमी फिराया लागला ते लई ब्येस झालं. माजं तर पाच वर्सं झाली, सकाळी भिताडाला धरूनच उठावं लागतंय." ती रागाने बोलली नाही, बोलता बोलता तिचे खुरपेही थांबले नाही. आम्ही चार वर्षे आपल्या कंबरेचा विचार केला. ही बाई आमच्याच पातीवर ओणवी होती आणि खुरपे आम्हीच बाजारातून आणिले होते, वीतभर मुठीचे.

कॅलिफोर्निया संस्थानात कोबीसारख्या सॅलडच्या व बीटच्या शेतांत विरळणीसाठी असेच आखूड दांड्याचे कुदळे मजुरांच्या हाती देत. लांब दांड्याने पीक बिघडेल, हात अचूक चालणार नाही, असे मळेवाल्यांचे म्हणणे होते. मजुरांच्या पाठीची वाताहत डॉक्टरांनी सांगितली, प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७५ साली ते हत्यार बंद झाले. मळे काही ओस पडले नाहीत.

आमच्याकडे कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ओळीत पेरलेल्या पिकात दोन ओळींमधील तण उभ्याने काढता येते. त्यासाठी सायकल कोळपे आहे, छातीपर्यंत दांड्याचे खुरपे आहे. रोपाच्या बुडातील तणास अजून वाकावेच लागते, हे आम्ही नाकारीत नाही. पण मग अर्धा दिवस वाकणे आणि सबंध दिवस वाकणे यांत फरक नाही काय? पाठीवरचा पंप १६ लिटरचा असला तरी तो काठोकाठ भरलाच पाहिजे असे नाही. युरियाची गोणी २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोची झाली; ती एकट्याने जमिनीवरून उचलण्यापेक्षा कंबरेइतक्या ओट्यावर दोघांनी उतरवून ठेवावी, म्हणजे पुढे अंगाशी धरून नेता येते. ओटा बांधण्यास चार पाट्या विटा लागतात. त्याहून अधिक पैसे आम्ही एका फोटोस दिले.

यंदा आम्ही सुताराकडून बाभळीचे सहा दांडे करविले. बायांपैकी चौघींनी ते वापरले. दोघींनी दुपारपर्यंत ते बांधावर ठेवून पुन्हा आखूड खुरपी घेतली. त्यांचे म्हणणे, पाते दांड्याशी फार सरळ बसले आहे, उभ्याने ओढले तर मातीत शिरत नाही. पाहिले, तर तक्रार खरी होती. ती दोन खुरपी पाते वाकविण्यासाठी लोहाराकडे दिली आहेत आणि तो गुरुवारी या म्हणाला आहे.