आठ घरांचे इंग्रजी



“मला स्वतःला इंग्रजी येत नाही, मग पोराचा अभ्यास कसा घेऊ?” असे कितीतरी आया विचारतात. सन २००० पासून आपल्या राज्यातील मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी व्याकरण आले की मुले घाबरतात, आणि क्लासची फी प्रत्येक घराला झेपत नाही. म्हणून आज एक बिनपैशाचा खेळ सांगते.

मराठीच्या व्याकरणात शब्दांच्या आठ जाती शिकवतात. इंग्रजीच्या शालेय व्याकरणातही आठच. म्हणजे मुलाची निम्मी ओळख आधीच झालेली आहे.

ठिकरीसाठी आखतो तसे अंगणात किंवा घरात खडूने आठ चौकोन आखा. प्रत्येकात एका जातीचे नाव लिहा. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यावर मुलांनी आपल्या पुस्तकातले ४० इंग्रजी शब्द लिहावेत आणि डब्यात टाकावेत. एकेकाने चिठ्ठी काढायची, त्या शब्दाचे इंग्रजी वाक्य बोलायचे, मराठीत अर्थ सांगायचा आणि उडी मारून योग्य घरात उभे राहायचे.

पंच आई! तिने फक्त मराठीत प्रश्न विचारावेत. हे कशाचे नाव आहे का? मग नाम. नामाऐवजी आले? सर्वनाम. नाम कसे, किती ते सांगते? विशेषण. काय केले ते सांगते? क्रियापद. कसे, कधी, कुठे केले? क्रियाविशेषण. दोन शब्द किंवा वाक्ये जोडते? उभयान्वयी. आनंदाने, दुःखाने एकदम तोंडून निघाले? केवलप्रयोगी. राहिले शब्दयोगी. मराठीत ‘टेबलावर’ म्हणताना ‘वर’ मागून येतो, इंग्रजीत ‘ऑन द टेबल’ म्हणताना ‘ऑन’ आधी येतो. एवढा फरक ध्यानात ठेवावा.

आता खरी गंमत. चिठ्ठीत ‘वॉटर’ निघाले. ‘आय ड्रिंक वॉटर’ म्हटले तर उडी नामाच्या घरात. ‘आय वॉटर द प्लांट्स’, म्हणजे मी रोपांना पाणी घालते, असे म्हटले तर तोच शब्द क्रियापदाच्या घरात! ‘फास्ट ट्रेन’मध्ये ‘फास्ट’ विशेषण, तर ‘द ट्रेन रन्स फास्ट’मध्ये क्रियाविशेषण. एका शब्दाची दोन घरे दाखवील त्याला दोन गुण जादा.

व्याकरणाचे मर्म यातच आहे. शब्दाची जात जन्माने ठरत नाही, वाक्यात तो कोणते काम करतो त्यावरून ठरते. हे आपल्या मुलांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही! नुसती यादी पाठ करणारा परीक्षेत अडतो, वाक्य करून पाहणारा अडत नाही.

मूल चुकले तर मारू नका, हसू नका. ती चिठ्ठी परत डब्यात टाका, उद्या पुन्हा निघेल. रात्री जेवणे झाल्यावर १५ मिनिटे पुरेत. आणि हो, रोज एक चिठ्ठी आईनेही काढावी. तेव्हा पंच मुलांनी व्हावे.