ताडीचा फेस आणि शॅम्पेनचा फेस

शॅम्पेनच्या बाटलीत यीस्ट साखर खाऊन जो वायू निर्माण करते, तोच वायू सुरत जिल्ह्यातील ताडाच्या मडक्यातही फेस आणतो. पहाटेचा गोड रस ती नीरा. ऊन चढताच आपोआप फसफसणारी ती पांढरी ताडी. गोमंतकात माडाच्या सूर या पेयाला, सान्नां फुगविण्याच्या कामी, घरोघर मान आहे. गुजरातेत मात्र नीरा परवान्याने विकता येते आणि ताडी हा गुन्हा ठरतो.

इंग्रजांनी १८७८ च्या अबकारी कायद्याने हे पेय तिजोरीसाठी जखडले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ते नीतीसाठी निषिद्ध झाले.

व्यसनाने गरिबांचे संसार बुडाले, हा आक्षेप खराच आहे. परंतु १९२२ साली देवीच्या चळवळीत सुरत जिल्ह्यातील आदिवासींनी दारू-ताडी सोडली, ती आपण होऊन. शिपायाच्या दंडुक्याने नव्हे. आमचा विरोध संयमाला नाही, पंक्तिप्रपंचाला आहे. २०२३ च्या डिसेंबरात त्याच गुजरात सरकारने गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत मद्यपानाला मुभा दिली. परदेशी शॅम्पेनला मानाचे पान आणि गावच्या ताडीला कोठडी, हा कोणता नीतिधर्म? बंदी ठेवायची तर सर्वांना सारखी ठेवा. नाहीतर ताडावर चढणाऱ्याच्या मडक्यालाही परवाना द्या.