वक्ते पुष्कळ, जहाजे थोडी

पंधराव्या शतकातील युरोपात राजदूताला लॅटिनमध्ये ‘ओरातोर’ म्हणत. ओरातोर म्हणजे वक्ता. परक्या दरबारी जाऊन भरसभेत घोटीव लॅटिनमध्ये भाषण करणे हे दूताचे पहिले काम. वाटाघाटी आणि कुजबुज त्यानंतर. नवा पोप गादीवर आला की ख्रिस्ती राजांचे दूत रोमला जाऊन निष्ठेचे भाषण करीत. अशा कामांवर पुष्कळदा धर्मगुरूंचीच नेमणूक होई. त्यांचे लॅटिन पक्के, चर्चचा कायदा पाठ. शिवाय मेहनताना म्हणून एखाद्या बिशपपदाचे उत्पन्न लावून दिले की राजाच्या तिजोरीला तोशीस नाही. (उमेदीची वर्षे बँकेत गेलेल्या माणसाला ही शेवटची बाब आधी दिसते, त्याला इलाज नाही.)

या वक्त्यांमधला सर्वांत देखणा माणूस म्हणजे एनेआ सिल्विओ पिक्कोलोमिनी. १४०५ मध्ये सिएनाजवळच्या खेड्यात, खालावलेल्या खानदानी घरात त्याचा जन्म झाला. आधी चिटणीस, मग सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकने गौरवलेला राजकवी. १४४४ मध्ये त्याने दोन प्रेमिकांची एक रसरशीत कादंबरिका लिहिली आणि चाळिशी उलटल्यावर धर्मदीक्षा घेतली. मग बिशप, कार्डिनल, आणि १४५८ मध्ये पोप दुसरा पायस. जुना एनेआ विसरा, पायसला स्वीकारा, असे त्याने पुढे जगाला विनवले. वाचकांनी ऐकले नाही. त्या कादंबरिकेच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत राहिल्या. पोपपद मिळाले तरी लेखकाची पहिल्या पुस्तकातून सुटका नाही!

१४५३ च्या मे महिन्यात तुर्की सुलतान दुसऱ्या मेहमदने कॉन्स्टँटिनोपल घेतले. युरोप हादरला. पुढच्या वर्षी फ्रँकफर्टला जर्मन राजेरजवाड्यांची सभा भरली, तेव्हा सम्राट स्वतः फिरकला नाही. त्याच्या वतीने सिएनाचा बिशप एनेआ उभा राहिला. १५ ऑक्टोबर १४५४. सुमारे दोन तास तो बोलला. भाषणाची बांधणी सिसेरोच्या वळणाची होती : हे युद्ध न्याय्य कसे, सोपे कसे, लाभाचे कसे. कोणी खाकरलेसुद्धा नाही, असे त्यानेच आपल्या आत्मवृत्तात मोठ्या समाधानाने नोंदवून ठेवले आहे. भाषणाच्या नकला युरोपभर फिरल्या. सैन्याची आश्वासनेही मिळाली. सैन्य मात्र निघाले नाही.

आणि हे होणार, हे त्याला ठाऊक होते! त्याच वर्षीच्या जुलैत एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात त्याने साफ म्हटले होते की, ख्रिस्ती जगाला सर्वांनी मानावे असे मस्तकच उरलेले नाही. पोपला आणि सम्राटाला कोणी जुमानत नाही. मग फ्रँकफर्टचे ते दोन तास म्हणजे ढोंग होते काय? मला तसे वाटत नाही. हरणारा खटलाही वकील जीव ओतून चालवतो. पण श्रोत्याला वास येतो. समोरचा माणूस भाषेवर स्वार आहे, पण स्वतःचे काही पणाला लावून बोलत नाही, हे राजेरजवाड्यांना चटकन कळते. व्यापाऱ्यांना तर त्याहून आधी.

फ्रँकफर्टच्या त्या मंडळीत एक अनवाणी पंथाचा साधू होता, जोव्हानी दा कापिस्त्रानो. वय सत्तरीच्या आसपास. त्याची प्रवचने जर्मन मुलखात दुभाष्याकरवी चालत, म्हणजे अलंकार निम्मे वाटेतच गळत. १४५६ मध्ये तो हंगेरीतले शेतकरी आणि कारागीर गोळा करून स्वतः बेलग्रेडला पोहोचला. सेनापती हुन्यादीसह त्या फौजेने मेहमदला मागे हटवले. दोघेही त्याच वर्षी साथीत वारले.

पोप झाल्यावर एनेआने १४५९ मध्ये मांतुआ येथे परिषद बोलावली. जूनमध्ये ती उघडली, पण राजे आलेच नाहीत. पोप महिनोन्महिने वाट पाहत बसला. कार्डिनल कुरकुरू लागले : दलदल, उकाडा, बेचव वाइन, आणि कानावर काय तर बेडकांचे डराव डराव. अखेर २६ सप्टेंबरला पोप सुमारे तीन तास बोलला. कराची विभागणीही ठरली : तीन वर्षे धर्मगुरूंनी उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यावा, गृहस्थांनी तिसावा, ज्यूंनी विसावा. कागदावर नमुनेदार योजना! वसुली जवळजवळ शून्य.

कर्जमागणीच्या अर्जात मजकूर कितीही सुरेख असला तरी मॅनेजर आधी पाहतो ते मार्जिन मनी; अर्जदार स्वतःच्या खिशातले किती घालतो आहे? मांतुआच्या भाषणात पोपने सगळ्यांचे हिस्से सांगितले. त्याचा स्वतःचा हिस्सा भाषणापुरता होता.

हे त्याला उमगायला चार वर्षे लागली. मध्यंतरी त्याने मेहमदला एक लांबलचक पत्र लिहिले. बाप्तिस्मा घे, तुला सम्राट म्हणून मान्यता देतो, अशा आशयाचे. ते बहुधा पाठवलेच नाही. मग तोल्फाच्या डोंगरात तुरटी सापडली. कापड रंगवायला लागणारी तुरटी तोवर तुर्की मुलखातून येई. तिचे उत्पन्न पोपने मोहिमेसाठी राखून ठेवले. भाषणांना न पाझरलेली तिजोरी तुरटीने थोडी ओली झाली. आणि १४६३ मध्ये कार्डिनलांना त्याने जे सांगितले, त्यात अलंकार फारसे नव्हते. ‘जा’ म्हणून कोणी जात नाही. ‘या’ म्हटले तर कदाचित येतील. म्हणून तो स्वतःच निघणार होता.

संधिवाताने पाय गेलेला, तापाने खंगलेला हा माणूस जून १४६४ मध्ये रोमहून अँकोना बंदराकडे निघाला. तिथे जमलेले लोक जहाजांची वाट पाहून कंटाळले आणि परतीच्या खर्चासाठी हत्यारे विकून घरची वाट धरू लागले. ते दिसू नयेत म्हणून सोबतच्यांनी पोपच्या मेण्याचे पडदे ओढून घेतले. व्हेनिसचे आरमार १२ ऑगस्टला आले. पोपला उचलून खिडकीशी नेले, त्याने जहाजे पाहिली. १४ ऑगस्टच्या रात्री तो गेला.

व्हेनिसचा प्रमुख क्रिस्तोफोरो मोरो जहाजे घेऊन परत फिरला. मोहिमेच्या पेटीत जी रक्कम शिल्लक होती ती कार्डिनलांनी हंगेरीच्या माथियास राजाकडे पाठवून दिली.